नऊ वर्षं चपलांजवळ

माझ्या हातातली पळी काढून घेतली, तेव्हा मी हसले होते.

आधी हेच सांगून टाकते. मला सगळ्यात जास्त खुपतं ते हेच.

मंडळाच्या गणपतीचा पाचवा दिवस. मल्लेश्वरममधला भाड्याचा हॉल. आम्ही निपाणीकडून बेंगळुरूला येऊन जेमतेम वर्ष झालेलं. चामराजपेटेत दोन खोल्या, नवरा तिथल्याच एका छापखान्यात मशीनवर, मुलगी आठ वर्षांची. परमुलखात आपली भाषा बोलणारी माणसं सापडली म्हणून मी इतकी हरखले होते, की नवी साडी नेसून सकाळी आठलाच हजर. दुपारी पंगत बसली. आमटीच्या बादलीत पळी होती, ती मी उचलली. घरचंच कार्य, कुणी सांगायची वाट काय बघायची?

सुमतीअक्का आल्या. मंडळाचे सेक्रेटरी माधवअण्णा, त्यांच्या या बायको. तीन पिढ्या बेंगळुरूत, मराठीत निम्मं कन्नड. गोड बाई. त्यांनी माझ्या हातातून पळी काढून घेतली, अगदी हळू, लहान मुलाच्या हातातून कात्री घ्यावी तशी.

"अगं, नवी साडी तुझी. डाग पडेल. तू स्वल्प बाहेर बघ. चपलांकडं कोणीच नाही बघ."

मी हसले. त्यांच्याच कन्नडात 'बरं' म्हटलं, "सरी अक्का." बाहेर निघाले. दारातून मागं वळून पाहिलं, तर अक्का पळी नळाखाली धरून धूत होत्या. मला वाटलं, किती टापटिपीची बाई.

जळलं मेलं माझं लक्षण.

त्या दिवसापासून चपला माझ्याकडं. पत्र्याचे बिल्ले, त्यावर आकडे, एक बिल्ला पाहुण्याच्या हातात आणि दुसरा चपलेच्या पट्ट्यात. मला ते चांगलं जमायचं. खोटं कशाला बोलू, अभिमान वाटायचा. हेब्बाळकडची आयटीतली पोरं यायची, त्यांचे बूट मी चेहऱ्याआधी ओळखायचे. एकदाही कुणाची चप्पल हरवली नाही. पाचव्या वर्षी माझा सत्कार झाला. नारळ आणि खण. तोही बाहेरच झाला, रॅकजवळ. अण्णा म्हणाले, "तुला कशाला आत बोलवायचं, काम सोडून?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या खणाचं ब्लाउज शिवून मी पुढच्या गणपतीत घातलं.

जेवणाचं पानही बाहेर यायचं. अक्का स्वतः आणून द्यायच्या. "तुला आत यायचा त्रास नको." मी ते चपलांच्या रॅककडे पाठ करून खायचे आणि घरी येऊन नवऱ्याला सांगायचे, अक्का माझं किती करतात. नवरा ऐकून घ्यायचा. फार बोलत नाही तो.

आम्ही कोण, हे आम्ही मंडळात कुणाला सांगितलं नव्हतं. आमचं आडनाव असं, की मराठ्यांतही सापडतं आणि आमच्यातही. कुणी कुलदैवत विचारलं की मी जोतिबा सांगायचे. निळ्या कोटातला फोटो घरात होता, पण आतल्या खोलीत. मंडळाचं कुणी वर्गणीला आलं की मी मधल्या दाराचा पडदा ओढायचे. मुलगी बघत असायची. मला वाटायचं, आपण हुशार आहोत. आपण लपवलं आणि ते लपलं.

मग गेल्या वर्षी मला ते काम लागलं.

मल्लेश्वरममध्येच एका जुन्या घराच्या माडीवर समाजशास्त्राच्या मॅडमनी कामासाठी खोली घेतली होती. पुण्याच्या. बेंगळुरूतल्या मराठी माणसांच्या मुलाखती घेऊन त्या अभ्यास करत होत्या. इथं आलेल्या माणसाला हे शहर आपलं कसं वाटतं, कुणामुळं वाटतं, असा काहीतरी विषय. मुलाखती रेकॉर्ड व्हायच्या. त्या ऐकून शब्द न् शब्द टाइप करायला माणूस हवा होता, मराठी आणि कन्नड दोन्ही येणारं. निपाणीत माझे वडील तंबाखूच्या वखारीत होते. खोकत खोकत त्यांनी मला दोन्ही भाषांचं टायपिंग शिकवलं होतं. ते इथं कामाला आलं.

पहिल्या दिवशी मॅडमनी आम्हा दोघी-तिघींना बसवून शिकवलं. नुसते शब्द नाही, माणूस थांबला तर कंसात 'थांबतात' लिहायचं. हसला तर 'हसतात'. विचारणाऱ्याचं 'हं'सुद्धा सोडायचं नाही. मग म्हणाल्या, "आणि एक लक्षात ठेवा. माणूस जिथं म्हणतो ना, 'असंच असतं', तिथं कान टवकारायचे. असंच असतं म्हणजे काय? कुणी ठरवलं? कुणाच्या सोयीचं आहे? समाजशास्त्र तिथून सुरू होतं."

मी ते वहीत लिहून घेतलं. घरी येऊन नवऱ्याला वाचून दाखवलं. इतकं शिकलेली बाई आपल्याला 'तुम्ही' म्हणते, शेजारी बसवून चहा पाजते, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा होत होतं. मी त्यांच्यावर जीव टाकला म्हटलं तरी चालेल. कागदावर सही दिली होती, की कानानं ऐकलेलं बाहेर बोलणार नाही. आजही मी नाव, घर, गल्ली सगळं बदलूनच सांगतेय. फाइलला तसंही नाव नसायचं. नंबर असायचा.

एकतिसावी फाइल. यंदाच्या गणपतीच्या दोन महिने आधीची गोष्ट. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत, खोलीत दिवसाही ट्यूब लावायला लागायची. मी हेडफोन घातले, आणि आवाज ओळखीचा निघाला. मला आनंद झाला. माधवअण्णा. आमचे अण्णा. माझ्या मुलीच्या शाळेत प्रवेशासाठी स्वतः चालत आले होते हे अण्णा.

पहिली वीस मिनिटं आजोबांची, दुकानाची. मी टाइप करत होते. मग मॅडमनी मंडळाचं विचारलं, आणि अण्णांचा आवाज जरा खाली आला. माझी बोटं आपोआप हळू झाली. का ते तेव्हा कळलं नाही. 

पुढचं मी टाइप केलं तसंच्या तसं देते.

"जात? छे छे. आमच्या मंडळात ते नाहीच की हो. सगळे आपलेच. (थांबतात) एक घर आहे, निपाणीकडचं. कळतं की आपल्याला. पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. पण आम्ही कधी दाखवलं नाही हां. बाई स्वभावानं फार छान. म्हणून चपलांकडं दिलंय. जबाबदारीचं काम आहे ते."

मॅडमचा आवाज: "आणि स्वयंपाकघरात?"

"ते बायकांचं बघणं. आतलं पळी-पातेलं तेवढं सांभाळतात. असंच असतं की. त्यांनीही कधी काही म्हटलं नाही. (हसतात) आता मुलगी मोठी झालीय त्यांची. आई दमते स्वल्प. या वर्षीपासून मुलीला बसवू म्हणतोय चपलांकडं. घरातलं काम घरात राहील."

मॅडमचा आवाज: "हं."

ते 'हं' मी तीनदा मागं नेऊन ऐकलं. असंच असतं म्हणाला होता माणूस. स्पष्ट म्हणाला होता. आणि जिनं मला कान टवकारायला शिकवलं, ती 'हं' म्हणून पुढच्या प्रश्नाकडं गेली होती.

मी हेडफोन काढले नाहीत. उरलेली चाळीस मिनिटं टाइप केली. एकही चूक झाली नाही. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि हात धुतले, आणि धुता धुता आठवलं की पळी अशीच धुतली होती. नऊ वर्षांनी मला ते पाणी दिसलं. तिथंच खाली बसले.

चार दिवसांनी मॅडमनी बोलावलं. समोर माझीच पानं होती. त्यांनी त्या ओळींभोवती पेन्सिलीनं चौकोन केला होता.

"ताई, हा भाग काढून टाका. तिथं कंसात लिहा, 'अवांतर गप्पा'."

"का, मॅडम?"

"आपला विषय तो नाहीये. आणि अण्णांनी आपल्याला पंचवीस-तीस घरं उघडून दिली आहेत. हे असं रिपोर्टमध्ये दिसलं तर फील्ड बंद होईल, पुढं मुलाखती मिळणार नाहीत. शिवाय पाचव्या दिवशी मंडळात माझं व्याख्यान ठेवलंय त्यांनी. ऑकवर्ड होईल सगळं."

"पण ते म्हणाले तसं. तुम्हीच सांगितलं होतं, शब्द न् शब्द."

"अहो, तुम्ही फार मनाला लावून घेताय." त्या हसल्या. "त्या कुटुंबाला याचं काही वाटतं की नाही, हे तरी कुठं माहीत आहे आपल्याला?"

"त्या कुटुंबातली बाई मी आहे, मॅडम."

त्यांचं हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्यावर तसंच राहिलं जरा वेळ. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. माणूस म्हणून काहीतरी. त्या पानं गोळा करायला लागल्या.

"मग तर तू ही फाइल करायलाच नको होतीस. हे नियमात बसत नाही. आवाज ओळखला तेव्हाच सांगायचं ना."

तू. पहिल्यांदा तू.

"चुकलंच ते. पण त्या ओळी मी काढणार नाही," मी म्हटलं. "तुम्हाला काढायच्या तर तुमच्या हातानं काढा."

"तुझं काम टाइप करणं आहे. अर्थ लावायचा तो आम्ही लावू. रिसर्चमध्ये असंच असतं."

त्या वाक्यावर त्या स्वतः अडखळतील असं मला वाटलं होतं. नाही अडखळल्या. दुसऱ्या दिवशी निरोप आला, सध्या काम नाही, असेल तेव्हा कळवू. सुंठेवाचून खोकला गेला त्यांचा. माझी वही मात्र माझ्याकडंच राहिली.

नवरा म्हणाला, "कशाला हात दाखवून अवलक्षण? आपण दूर राहू त्यांच्यापासून, झालं." घाबरला होता. आमचं घर ज्यांच्या मालकीचं, तेही मंडळातलेच. मी उठले. माळ्यावरून मंडळाची पत्रकं काढली. गणपतीची पत्रकं नवऱ्याच्याच छापखान्यात छापली जायची, उरलेल्या प्रती घरी पडून होत्या. नऊ वर्षांची नऊ. प्रत्येकात कामांची वाटणी. आरती कोण, नैवेद्य कोण, वाढप कोण, फुलं कोण, हिशेब कोण. मॅडम कागदांवर रंगीत खुणा करायच्या, ते मी पाहिलं होतं. मुलीच्या रंगपेन्सिली घेतल्या आणि शनिवारची अख्खी दुपार जमिनीवर बसले.

जे दिसलं ते एवढंच. दर वर्षी सगळ्यांची कामं बदलत होती. यंदा फुलं करणारी पुढच्या वर्षी वाढायला होती, वाढणारी आरतीला. पुण्याहून कालपरवा आलेली पोरंसुद्धा दुसऱ्या वर्षी नैवेद्याला. चपलांसमोरचं नाव तेवढं बदललं नव्हतं. पहिल्या पत्रकात तिथं कुणाचंच नाव नव्हतं, पुढच्या आठांत एकच, माझं. मी किती वेळा अभिमानानं दाखवलं होतं ते पाहुण्यांना, बघा छापून येतं. उद्या तिथं माझ्या मुलीचं नाव छापून येणार होतं, तिच्याच बापाच्या मशीनवर.

मुलगी क्लासवरून आली. सतरा वर्षांची आहे, पीयूसीला, म्हणजे आपल्याकडच्या बारावीला. तिला मी म्हटलं, बस. पत्रकं दाखवली. पळीचं सांगितलं. फाइलचं नाही सांगितलं, सही होती.  

"मला माहीत होतं आई," ती म्हणाली. "सहावीत असताना मी पाणी प्यायला आत गेले होते. एका काकूंनी तिथल्या तिथं बाहेर काढलं. म्हणाल्या, तुझ्या आईला माहीत आहे, तिला विचार."

"मग विचारलं का नाहीस?"

"मला वाटलं तुला खरंच माहीत आहे. तू चालवून घेतेस असं वाटायचं. तू तर खुश असायचीस."

अण्णांचं बोलणं ऐकून मी मोरीत बसले होते. हे ऐकून बसायलाही जागा उरली नाही. सहा वर्षं माझ्या पोरीनं मला तशी चालवून घेणारी बाई समजून माझ्या ताटात जेवण केलं. मी पडदा ओढत होते तो मंडळासाठी नव्हताच, मंडळाला सगळं दिसत होतं. आंधळी मी एकटी होते. माझी मला इतकी चीड आली की पत्रकं फाडून टाकावीशी वाटली. मुलीनं ती माझ्या हातातून घेतली, वर्षांप्रमाणे लावली आणि टाचणी मारली.

रविवारी सकाळी मंडळाची बैठक. अण्णांनी यादी वाचायला घेतली. चपलांपाशी आले तसे कौतुकानं आमच्याकडं बघून हसले आणि मुलीचं नाव वाचलं. म्हणाले, "आता नवी पिढी."

मी उभी राहिले. रेकॉर्डिंगमधला एक शब्द बोलायचा नाही, हे मी ठरवून आले होते. त्याच्यावर माझी सही होती. पण माझ्या नऊ वर्षांवर मी कुणाला सही दिलेली नव्हती.

"चपलांकडं आमच्या घरातलं कुणी बसणार नाही," मी म्हटलं. "मुलगी पंगतीला वाढेल. हातात पळी घेऊन."

  सुमतीअक्का म्हणाल्या, "अगं, वाढायचं म्हणजे ठरलेल्या असतात ना बायका. मंडळात असंच असतं."

"कुणी ठरवलं अक्का?" मी पत्रकं पुढं केली. "सगळ्यांचं काम बदलतं. आमचंच का नाही बदलत? नऊ वर्षं आहेत यात. बघा."

पत्रकांना कुणी हात लावला नाही. हेब्बाळचा एक तरुण, नागपूरचा, चांगला मुलगा आहे, त्याचे बूट मीच सांभाळलेत, तो म्हणाला, "ताई, प्लीज, याला कास्टचा इश्यू नका करू. इथं ते काही नाहीये."

मी जात हा शब्द काढला नव्हता. तो त्यानं काढला. आणि काढल्याबरोबर सगळ्या माना खाली गेल्या, म्हणजे सगळ्यांनाच कुठला शब्द ते ठाऊक होतं.

"सरी, सरी," अण्णा म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू. शांतपणे बघू."

"मग वहीत लिहा अण्णा. इतिवृत्तात. की मुलीला वाढायला देणार नाही. आणि खाली कारण लिहा. एका ओळीत. लिहिलंत की मी जाते, परत येत नाही."

त्यांच्या हातात पेन होतं. समोर वही उघडी होती. अण्णांचं अक्षर सुंदर आहे, मंडळाचं सगळं तेच लिहितात. पेन कागदाला टेकलं आणि तिथंच राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला. अण्णांच्या कपाळाला घाम होता, आणि सांगते, मला त्यांची कीव आली नाही. त्यांनी वही मिटली. बैठक संपली म्हणाले.

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. आमचं जळत होतं आणि कळत नव्हतं, कारण वरून साखर घातलेली होती. सरळ शिवी दिली असती तर मी पहिल्याच दिवशी उलटून बोलले असते. निपाणीची आहे मी.

आता गणपतीला अकरा दिवस आहेत. मंडळाच्या ग्रुपवरून मला काढलंय. कुणी काढलं ते कळत नाही, कुणी बोलतही नाही. बाजारात अक्का दिसल्या आणि भाजी न घेताच वळल्या. छापखान्यात या वर्षीची पत्रकं आलीच नाहीत, ती दुसरीकडं गेली. ते कळलं त्या संध्याकाळी नवऱ्यानं निळ्या कोटातला फोटो आतून आणला आणि बाहेरच्या खोलीत, दारातून पहिला दिसेल असा लावला. पहिला खिळा वाकला, त्यानं दुसरा ठोकला. परवा घरमालक आले. आत आले नाहीत. दारातूनच फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"तुमचा करार कधी संपतो?"

"जानेवारीत."

"सरी," म्हणाले, आणि गेले. त्यांच्या जिन्यावरच्या चपलांचा आवाज मी ओळखते. मधल्या पायरीवर ते थांबले, बराच वेळ. मग उतरले.

मुलगी विचारते, आई, आत शिरू देतील? मी तिला खोटं सांगत नाही. नाही देणार कदाचित. दारात गर्दी होईल, गोड बोलतील, कुणीतरी साडीच्या डागाचं काढेल. मॅडम पहिल्या रांगेत असतील. मुलीला मी सगळं सांगून ठेवलंय, कोण काय म्हणेल ते. तिनं वहीत लिहून घेतलंय, माझ्याच वहीत, पुढच्या कोऱ्या पानावर. थांबतात, हसतात, सगळं लिहायचं हे मी तिला शिकवलंय.

पाचव्या दिवशी आम्ही दोघी जाणार. चपला दारात काढू, त्या राखायला कुणी असो नसो. आत जाऊ. आमटीच्या बादलीतली पळी माझी मुलगी उचलेल.

कुणाचा हात तिच्या हाताकडं आला, तर तो हात मी धरणार आहे. आणि या वेळी मी हसणार नाही.